मुलवाड व्हीपीएन आणि टॉर ब्राउझर: दोन्ही एकत्र वापरून

मी कौटुंबिक न्यायालयात वकिली करते. पोटगीचं बोलणं सुरू होण्याआधीच बऱ्याच जणी दबक्या आवाजात विचारतात, "मॅडम, मोबाईलवर मी काय शोधते ते घरात कळतं का?" कळू शकतं. वायफायचा राउटर ज्याच्या ताब्यात, त्याला पानावरचा मजकूर सहसा दिसत नाही, पण कोणत्या साइटवर गेलात ते दिसू शकतं. इंटरनेट कंपनीचंही तेच. म्हणून मी ऑफिसच्या लॅपटॉपवर मुलवाड व्हीपीएन आणि टॉर ब्राउझर ही जोडी लावून घेतली. व्हीपीएन म्हणजे तुमची इंटरनेटवरची ये-जा कुलूपबंद करून स्वतःच्या सर्व्हरमधून पुढे नेणारी सेवा, आणि टॉर म्हणजे तुमची ओळख लपवणारा ब्राउझर.

मुलवाड स्वीडनमधल्या गोथेनबर्गची कंपनी. नाव, ईमेल, फोन काही म्हणजे काही विचारत नाहीत. बटण दाबलं की सोळा आकडी खाते क्रमांक मिळतो, तेच तुमचं खातं. तो हरवला तर पैसे गेले म्हणून समजा, कागदावर लिहून ठेवा. दर महिन्याला ५ युरो, म्हणजे साधारण पाचशे रुपये, आणि वर्षाचे एकदम भरले तरी सूट नाही. पाकिटात रोख रक्कम घालून पोस्टाने पाठवायचीही सोय आहे. एप्रिल २०२३ मध्ये स्वीडिश पोलीस झडतीचं वॉरंट घेऊन यांच्या ऑफिसात गेले होते. ग्राहकांची माहिती ठेवलेलीच नव्हती, ते रिकाम्या हाताने परतले. माझ्या लेखी कुठल्याही जाहिरातीपेक्षा याला वजन आहे. आपल्याकडे २०२२ मध्ये सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची नावं-पत्ते पाच वर्षं जपून ठेवायचा आदेश काढला, तेव्हा नॉर्ड, एक्स्प्रेस, सर्फशार्क या व्हीपीएन कंपन्यांनी भारतातले सर्व्हर हलवले. त्यामुळे कंपनी माहिती साठवते का, हे मी सगळ्यात आधी बघते.

तरी व्हीपीएन म्हणजे शेवटी एकाच कंपनीवर टाकलेला भरवसा. टॉरमध्ये तुमची विनंती तीन वेगवेगळ्या सर्व्हरमधून जाते. पहिल्याला तुमचा इंटरनेटवरचा पत्ता (आयपी) कळतो पण तुम्ही कुठे निघालात ते नाही, शेवटच्याला ठिकाण कळतं पण तुम्ही कोण ते नाही. ब्राउझरच्या वरच्या, साइटचं नाव टाकायच्या पट्टीच्या डावीकडे क्लिक केलं की त्या तिन्हींचे देश दिसतात. मी प्रत्येकीला ते उघडून दाखवते, कारण डोळ्यांनी बघितलं की गोष्ट पटते.

क्रम महत्त्वाचा: आधी मुलवाड सुरू करायचं, मग टॉर. असं केलं की राउटरवाल्याला फक्त व्हीपीएन दिसतं, टॉर दिसत नाही. व्हीपीएनला टॉर वापरताय एवढं कळतं, कुठली साइट बघताय ते कळत नाही. उलटा क्रम लावू नका. तो लावणं किचकट आहे, आणि बाहेर पडणारी सगळी ये-जा एकाच व्हीपीएन खात्याशी बांधली जाते, म्हणजे टॉरचा निम्मा फायदा तिथेच गेला.

वेगाचं म्हणाल तर वाचायला, शोधायला पुरेसा आहे, व्हिडिओचं नाव काढू नका. मध्येच 'तुम्ही रोबोट नाही ना' अशी चित्रं येतात. बँकेचं आणि सरकारी पोर्टलचं काम यावर करू नये, परदेशी आयपी पत्ता दिसला की बऱ्याचदा ती उघडतच नाहीत. टॉरमध्ये पानाभोवती राखाडी कडा दिसली तर घाबरू नका, खिडकीच्या मापावरून तुम्हाला ओळखता येऊ नये म्हणून ती ठेवलेली असते. आणि तिथे जाऊन आपल्याच जीमेलमध्ये लॉगिन केलंत तर गूगलला तुम्ही कोण ते कळणारच.

यापुढचं मात्र नीट वाचा. फोनमध्येच कुणी पाळत ठेवणारं ॲप टाकलं असेल तर ही जोडी काहीही करू शकत नाही, ते ॲप थेट स्क्रीन वाचतं. नवरा फोन तपासत असेल तर स्क्रीनवरची या दोन ॲपची चिन्हंच भांडणाला कारण होतील. अशा बाईला मी तिच्या फोनवर काहीही टाकायला सांगत नाही, आमच्या लॅपटॉपवर बसवते.

प्रत्येकाने पैसे भरावेत का? नाही. टॉर फुकट आहे आणि बहुतेकांना तेवढं पुरतं. टॉर बनवणारी संस्था, टॉर प्रोजेक्ट, स्वतःही जाणकार नसलेल्यांना सोबत व्हीपीएन लावायची सहसा शिफारस करत नाही. टॉर वापरताय हेच लपवायचं असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये स्नोफ्लेक नावाचा ब्रिज, म्हणजे टॉरमध्ये शिरायचा आडवळणाचा रस्ता आहे, तोही फुकट. मी मुलवाडचे पैसे भरते ते टॉर बंद असतानाच्या कामासाठी: ऑफिसबाहेरच्या वायफायवर मेल, अशिलांची कागदपत्रं. त्यासाठी ते चोख आहे आणि पुढेही भरणार आहे.