दिवाडी ते नार्वे : सप्तकोटीश्वराच्या वाटेवरची वारसा सहल

गोव्यातील देवळे दाखवणाऱ्या सहली पुष्कळ आहेत आणि त्यांतील बहुतेक फोंडा तालुक्यातील मंगेशी, म्हार्दोळ व कवळे येथील देवालयांभोवती फिरून परततात. ही दैवते मुळात ज्या गावांत नांदत होती आणि पोर्तुगीज अमलात ज्या गावांतून त्यांना हलवावे लागले, तिकडे सहसा कोणी नेत नाही. शंकराचे रूप असलेल्या श्रीसप्तकोटीश्वरावरील ही अर्ध्या दिवसाची सहल मात्र देवाच्या मूळ स्थानापासून सुरू होऊन आजच्या देवळात संपते, आणि आखणीतील या एका निर्णयासाठी ती मला इतरांपेक्षा उजवी वाटली.

जुने गोवे येथील धक्क्यावरून फेरीबोटीने मांडवी ओलांडून आपण दिवाडी बेटावर उतरतो. बेटाच्या दुसऱ्या टोकाला, देवाच्या मूळ स्थानी, कोटितीर्थ या पवित्र तळ्याच्या अवशेषांपाशी, सहलीचा पहिला मोठा थांबा आहे. पाहण्यासारखे येथे फारसे उरलेले नाही, आणि मार्गदर्शकाने ते लपवण्याचा प्रयत्न केला नाही, हे मला आवडले. गोव्याचे कदंब राजे या देवाच्या कृपेने वर लाभल्याची बिरुदावली आपल्या नाण्यांवर कोरवून घेत असत, हे त्याने नाण्यांची छायाचित्रे हातात देऊन समजावले. पोर्तुगिजांनी देऊळ पाडल्यावर तेथील लिंग एका विहिरीच्या बांधकामात वापरले गेले आणि भक्तांनी ते तेथून सोडवून नदीपार नेले, ही कथा सांगताना ही लोकपरंपरा आहे असे त्याने आवर्जून बजावले. परंपरा आणि पुरावा यांत एवढा फरक करणारे मार्गदर्शक आपल्याकडे विरळाच.

त्यानंतर दुसऱ्या फेरीबोटीने डिचोली तालुक्यातील नार्वे गाठायचे. हा प्रवास काही मिनिटांचाच आहे, पण सगळ्या सहलीचा अर्थ माझ्या मते याच पात्रात आहे. १५१० पासून अलीकडच्या तीरावर पोर्तुगिजांची सत्ता होती, तर पलीकडे आदिलशाहीचा मुलूख होता. त्यामुळे देवाला दूर परागंदा व्हावे लागले नाही. राज्याची सीमा ओलांडली की पुरे होते, आणि ती सीमा म्हणजे ही नदी. मूळ गाव समोर दिसत असताना तेथे परतता येऊ नये, अशा जातीचा हा वनवास होता. मार्गदर्शक या टप्प्यात बहुधा विश्रांती म्हणून गप्प बसला. त्याने उलट येथेच बोलायला हवे होते.

माझा मुख्य आक्षेप मात्र इतिहासाच्या मांडणीवर आहे. सहलीत एक विध्वंस आणि एक पुनर्बांधणी अशी सरळ गोष्ट सांगितली जाते. वास्तविक पोर्तुगिजांच्या आधी बहमनी काळातही या देवालयाचा विध्वंस झाला होता आणि विजयनगरच्या माधवमंत्र्याने चौदाव्या शतकाच्या अखेरीस त्याची पुनःस्थापना केली होती. हा भाग एका वाक्यात उरकला गेला. पाडलेले देवस्थान पुन्हा उभे राहिल्याचा पूर्वानुभव भक्तांच्या गाठीशी होता, हे कळल्याशिवाय नदीपार नेऊन लिंग जपण्यामागचा त्यांचा निर्धार पुरता उमगत नाही.

नार्वे येथे पोहोचल्यावर सहल पुन्हा रंगते. पोर्तुगिजांच्या ताब्यातील बारदेश प्रांतावरील आपल्या स्वारीनंतर वर्षभरात, नोव्हेंबर १६६८ मध्ये, शिवाजी महाराजांच्या आज्ञेने या देवालयाच्या कामाला प्रारंभ झाला, आणि तसा शिलालेख दारावरच आहे. हा लेख शके १५९० चा असून त्यात संवत्सर, तिथी आणि वार दिलेले आहेत. म्हणजे पुनर्बांधणीचा पुरावा वास्तूच्याच अंगावर आहे. तो ओळीने वाचून दाखवण्याऐवजी त्याखाली सर्वांचे छायाचित्र काढण्यात वेळ गेला, याची मला खंत वाटली. देऊळ बेताच्या उंचीचे आहे. उतरती कौले, अष्टकोनी बैठकीवरचा घुमट आणि समोरची दीपमाळ असा त्याचा घाट असून, कदंबकालीन भव्यतेची अपेक्षा ठेवून येणारा थोडा निराश होईल. मला उलट हे साधेपण पटले, कारण देऊळ बांधणाऱ्यांनी नदीपलीकडच्या जुन्या वास्तूची नक्कल न करता स्थानिक साहित्यात आणि त्या काळच्या वळणात काम केलेले दिसते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात डिचोलीही पोर्तुगिजांकडे गेली, पण तोवर त्यांचे धार्मिक धोरण बदललेले असल्याने हे देऊळ टिकले. राज्य सरकारने केलेल्या अलीकडच्या जीर्णोद्धारानंतर फेब्रुवारी २०२३ मध्ये ते भाविकांसाठी पुन्हा खुले झाले. नवे काम नेटके आहे. फक्त जुने कोणते आणि नवे कोणते हे सहलीत कोणीतरी बोट ठेवून दाखवायला हवे.

व्यवस्थेविषयी थोडक्यात सांगायचे, तर गट लहान ठेवला जातो, वेळ पाळली जाते, आणि शुल्क मिळणाऱ्या माहितीच्या मानाने वाजवी आहे. फेरीबोटीत पायी प्रवाशांना भाडे पडत नाही, तेव्हा वाचनाची तयारी असलेल्यांना हा मार्ग स्वतःच्या हिमतीवरही करता येईल. पावसाळ्यात जांभ्याच्या पायऱ्या निसरड्या होतात, म्हणून वृद्धांना बरोबर नेणार असाल तर हिवाळ्यातली तारीख घ्यावी. आयोजकांनी छायाचित्रांचा वेळ कापून शिलालेखाला आणि माधवमंत्र्याला दिला, तर मी ही सहल इतिहासाच्या शिक्षकांनाही निःसंकोच सुचवीन.