तांबा काट्यावरचे पितळी दिवे : दिसायला देखणे, जळायला कसे?

देवघरातला दिवा निवडताना आपण बहुतेक जण त्याचा मोर, त्याची नक्षी आणि त्याची चकाकी पाहतो आणि त्यात तेल घालून वात लावल्यावर तो कसा वागेल, हा प्रश्न दुकानात कोणी विचारत नाही. हे परीक्षण त्या प्रश्नाला धरून लिहिले आहे. पायधुनीजवळच्या तांबा काटा परिसरातील एका जुन्या दुकानातून समईची जोडी, एक लामणदिवा आणि काचेचे आवरण असलेला एक अखंड दिवा अशी खरेदी आम्ही दीप अमावास्येच्या आधी केली होती. त्यानंतर नवरात्र, दिवाळी, त्रिपुरी पौर्णिमा आणि मुंबईचा एक अख्खा पावसाळा या दिव्यांनी पाहिला असल्यामुळे आता त्यांच्याविषयी खात्रीने काही सांगता येते.

प्रथम दुकानाविषयी. भुलेश्वर आणि दादरच्या रानडे रोडवर दिवे भरपूर मिळतात. परंतु तेथील माल बहुधा नगावर विकला जातो, म्हणजे किंमत डोळ्यांना भावलेल्या नक्षीची मोजावी लागते. तांबा काट्यावर आणि काळबादेवीच्या कंसारा चाळीत आजही साधा ओतीव माल वजनावर मिळतो. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू असल्याने त्याचा भाव धातूच्या बाजाराबरोबर सतत खालीवर होत असतो, म्हणून येथे आकडा देण्यात अर्थ नाही. मात्र त्या दिवशीचा किलोचा भाव दुकानदाराने आधी सांगितला, समई आमच्यासमोर काट्यावर ठेवली आणि कोरीव कामाची मजुरी वेगळी दाखवली. बराचसा माल मुरादाबाद आणि अलीगढहून येतो, काही दक्षिणेतून, आणि कोणता कोठला हे विचारल्यावर दुकानदाराने लपवाछपवी केली नाही. ‘ताई, आधी उलटी करून बघा, मग मोर बघा,’ असे म्हणून त्यांनी स्वतःच समई आडवी केली आणि तळ दाखवला. तळ पोकळ असणे यात गैर काही नाही. त्या पोकळीत प्लास्टर भरलेले असेल तर मात्र आपण पितळाच्या भावाने प्लास्टर घेतो. गल्ल्याजवळ एक लहानसे लोहचुंबकही ठेवलेले होते. पितळाला चुंबक चिकटत नाही. चिकटले, तर आत लोखंड असून वर केवळ मुलामा आहे असे समजावे.

समई आम्ही दीड फूट उंचीची, पाच वातींची घेतली. समईचा कस तिच्या वरच्या तबकडीत, म्हणजे तेल धरणाऱ्या भागात लागतो. पुष्कळ समयांत तबकडीच्या मध्यभागी आरपार भोक असते, त्यातून खालच्या दांडीचा आटा वर येतो आणि त्यावर मोर किंवा कळस फिरवून बसवला जातो. दुकानात ही रचना भक्कम वाटते. घरी आल्यावर तेल त्या आट्यांतून झिरपत दांडीवरून खाली उतरते, बैठकीत साचते आणि सकाळी चौरंगावर चिकट गोल डाग दिसतो. आमच्या समईत तबकडीचा तळ अखंड आहे : खालून दांडी बसवण्यासाठी वेगळी खोबण आणि वरून मोरासाठी वेगळी खोबण ओतलेली असून दोन्ही एकमेकींना मिळत नाहीत. विकत घेण्यापूर्वी हे तपासायचे असेल, तर तबकडी पाण्याने भरून वर्तमानपत्रावर ठेवावी आणि दहा मिनिटे दुकानदाराशी गप्पा माराव्यात. या दुकानात तशी मागणी केल्यावर कोणाच्या कपाळावर आठी आली नाही, याची नोंद करायला हवी.

गळतीचे दुसरे ठिकाण म्हणजे चोच, जेथे वात बाहेर डोकावते. कापसाच्या तंतूंमधून तेल केशाकर्षणाने वर चढते, ज्योतीला लागते त्याहून थोडे जास्त आले की चोचीच्या टोकाखाली थेंब धरतो, आणि चोच सपाट असेल तर तो थेंब टपकण्याऐवजी तबकडीच्या पोटाला चिकटून मागे, दांडीकडे सरकत जातो. आमच्या समईच्या चोची किंचित वर उचललेल्या आहेत आणि तबकडीचा उतार आतल्या बाजूला आहे, त्यामुळे वात एकाच वेळी फार पुढे ओढली नाही तर पाचही वाती पेटलेल्या असतानाही बैठक कोरडी राहते. जोडीतील दुसऱ्या समईची एक चोच मात्र थोडी खाली झुकलेली आहे आणि ती रोज थेंब गाळते. साच्यातून निघालेल्या मालात एवढा फरक राहणारच, हे मान्य करूनही जोडी म्हणून पैसे मोजताना दोन्ही समयांच्या चोची एका रेषेत धरून पाहाव्यात असे सुचवावेसे वाटते.

बैठक रुंद आणि जड आहे, आणि मुंबईच्या घरात हा गुण सर्वांत मोलाचा आहे. येथे देवघर बहुधा स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात किंवा दिवाणखान्याच्या भिंतीवर असते, समोरून मुले पळतात, ओढणी किंवा पदर लागतो, आणि उंच पण हलकी समई धक्क्याने कलंडली तर जळते तेल सांडते. घेताना समईच्या टोकाला बोट लावून हलकेच ढकलावे. ती झुकून पुन्हा जागेवर आली पाहिजे.

नक्षीच्या बाबतीत माझे मत बाजाराच्या कलाच्या विरुद्ध आहे. दांडीवर वेलबुट्टी, बैठकीवर पाने, मोराच्या पिसाऱ्यात भोके असलेली समई छायाचित्रात फार शोभते. परंतु त्या प्रत्येक खाचेत काजळी बसते, त्यावर पीतांबरी घासली की पांढरी पूड अडकते, आणि मग जुना दातांचा ब्रश घेऊन तासभर बसावे लागते. आपल्याकडील पारंपरिक समईची दांडी गोल कंगोऱ्यांची असते आणि कंगोऱ्यांवरून फडके सरळ फिरते. तमिळनाडूतील नाचियारकोइलचा कुत्तुविळक्कु, ज्याला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे, तोही याच शहाणपणाने घडवलेला असतो : बैठक, दांडी आणि तबकडी साधी, आणि सगळी शोभा शिरोभागी असलेल्या हंसाच्या वाट्याला. असे दिवे पाहायचे असतील तर माटुंगा पूर्वेला दक्षिणी पूजासाहित्याच्या दुकानांत जावे. आम्ही शेवटी मराठी वळणाची समई घेतली, कारण घरातल्या जुन्या चौरंगाशी तिचे जमते.

लामणदिवा हा या खरेदीतील सर्वांत देखणा आणि सर्वांत कमी उपयोगी दिवा ठरला. साखळीच्या प्रत्येक दुव्यानंतर एक लहान घंटी, खाली पक्षी आणि त्याच्या पायाशी वाडगा अशी त्याची रचना आहे. मुंबईकरांना या प्रकाराचे अगत्य असावे असे एक कारण आहे : भारतीय दिव्यांच्या इतिहासात गाजलेला, हत्तीच्या आकाराचा कांस्य लामणदिवा जोगेश्वरीलाच सापडला. जुन्या पक्षीदिव्यांत पक्ष्याचे पोट हीच तेलाची टाकी असते. पोटात तेल कोंडलेले, त्याचे छिद्र खालच्या वाडग्यातील तेलात बुडलेले. ज्योतीने तेल ओढून पातळी उतरली की छिद्र उघडे पडते, त्यातून हवा आत शिरते, तेवढे तेल खाली येते आणि छिद्र पुन्हा झाकले गेले की थांबते. दिवा कोणी न पाहता रात्रभर आपले तेल आपण घेत राहतो. आमच्या दिव्याचा पक्षी भरीव आहे, म्हणजे तो केवळ शोभेचा आहे. दुकानदाराने तसे स्पष्ट सांगितले होते, त्यामुळे तक्रार नाही. परंतु टाकी असलेला खरा दिवा बाजारात शोधणाऱ्याने पक्ष्याच्या पाठीवर तेल भरण्याचे झाकण आहे का आणि ते घट्ट बसते का, हे पाहावे. झाकणातून हवा शिरली तर सगळे तेल एकदम वाडग्यात उतरेल.

शिवाय लामणदिवा टांगण्यासाठी उंच तुळई हवी. आजच्या सदनिकेत छत खाली, त्याला पंखा, आणि पंखा चालू असेल तर ज्योत टिकत नाही, बंद असेल तर माणसे टिकत नाहीत. वर छतावर काजळीचा गोल उमटतो तो वेगळाच. आम्ही तो प्रवेशदाराशी टांगला असून सणावारी थोडा वेळ लावतो. एरवी त्याच्या घंटा वाजतात, तेवढे पुरे आहे.

याउलट काचेच्या आवरणाच्या अखंड दिव्याकडून काही अपेक्षा नव्हती आणि तोच रोजच्या वापरात सर्वाधिक उपयोगी पडला. खाली पितळी वाटी, मधोमध वात उभी धरणारी नळी आणि वर उष्णता सोसणाऱ्या काचेचे नळकांडे, एवढाच त्याचा संसार. गच्चीकडून येणारा वारा आणि पंखा या दोहोंपासून ज्योत सुरक्षित राहते, नवरात्रात रात्री उठून पाहावे लागत नाही, आणि प्लायवूडच्या देव्हाऱ्यातही धास्ती कमी वाटते. मात्र वरच्या फळीपर्यंत हातभर अंतर हवेच. काचेच्या तळाशी हवेसाठी छिद्रे असणे अत्यावश्यक आहे. ती लहान असतील किंवा कापसाच्या तंतूंनी बुजली असतील तर ज्योत लांब, पिवळी आणि धुरकट होते आणि काच दोन दिवसांत काळवंडते. वातीचे टोक गहू-दाण्याएवढे ठेवले तर धूर जवळजवळ होत नाही.

तेलाविषयी थोडे. पूजेच्या दुकानांत ‘दिव्याचे तेल’ म्हणून ज्या सुगंधी बाटल्या मिळतात, त्यांतील एकीने इतका धूर केला की तिचा नाद सोडला. तिळाचे तेल स्वच्छ जळते. एरंडेल दाट असल्याने सावकाश जळते, परंतु वात जाड असेल तर त्याला वर चढायला कष्ट पडतात. तूप निरांजनापुरते ठेवावे.

आणखी एक दिवा ऑनलाइन मागवला होता. त्याचा उल्लेख केवळ सावधगिरीसाठी. तो लॅकर चढवलेला होता, म्हणजे काळा पडू नये म्हणून पितळावर पारदर्शक लेप दिलेला. ज्योतीजवळचा लेप पहिल्याच आठवड्यात तपकिरी होऊन पापुद्रे सुटू लागले आणि उरलेल्या लेपामुळे तो भाग घासताही येईना. लॅकर शोभेच्या मूर्तीवर ठीक आहे, पेटवायच्या दिव्यावर नको. पाणी घातले की उजळणाऱ्या प्लॅस्टिकच्या दिव्यांचे परीक्षण करण्याचे कारण दिसत नाही. धारावीच्या कुंभारवाड्यातील मातीच्या पणत्या मात्र अवश्य घ्याव्यात; आधी पाण्यात भिजवून मग सुकवल्या की त्या तेल पीत नाहीत.

मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत उघडे पितळ पावसाळ्यात झपाट्याने मळते. चिंच, कोकम किंवा लिंबू यांतील आम्ल तो थर काढते, म्हणूनच हे घरगुती उपाय चालतात. परंतु समई चिंचेच्या कोळात रात्रभर बुडवून ठेवू नये. आम्लात फार वेळ राहिल्यास पृष्ठभागावरील जस्त निघून जाते आणि तांब्याचे लालसर चट्टे उमटतात, जे पुन्हा घासून सहज जात नाहीत. कोळ लावून, चोळून, लगेच धुऊन कोरडे करावे आणि आट्यांना तेलाचे बोट लावूनच भाग जोडावेत, नाहीतर पुढच्या वेळी ते सुटत नाहीत. आषाढ अमावास्येला सगळे दिवे उजळून पाटावर मांडण्याची आपली रीत पावसाच्या ऐन मध्यावर येते, हे या दृष्टीने सोयीचेच आहे. त्या अमावास्येचे दुसरे नाव शहरात अधिक उत्साहाने घेतले जाते, हा भाग निराळा.

दुकानात सुटे भागही मिळतात. जुन्या समईची तबकडी किंवा हरवलेला मोर शोधणाऱ्यांनी आपली दांडी बरोबर न्यावी, कारण आट्यांचे माप सर्वत्र सारखे नसते. मशीद बंदर स्थानकाच्या पश्चिमेकडून चालत जाता येते, रविवारी पेठ बंद असते आणि दिवाळीच्या तोंडावर काट्याजवळ उभे राहायलाही जागा नसते. जाताना कापडी पिशवी न्यावी. समयांच्या जोडीचे वजन प्लॅस्टिकच्या पिशवीला पेलत नाही.