क्योतोतलं सव्वीस हजारांचं शाकाहारी जेवण

आधी आकडा सांगते, म्हणजे पुढचं वाचताना अंदाज राहील. 26,268 येन. त्या दिवसाच्या भावाने पंधरा हजार रुपयांच्या थोडं वर. एवढ्या पैशांत आम्ही तिघांनी काय खाल्लं? सोयाबीनच्या उकडलेल्या शेंगा, बटाट्याच्या फ्राइज, काकडी, कोबीची कच्ची पानं आणि भाताचे भाजलेले मुटके. तोफूची एक बशी होती, तिला कुणी हात लावला नाही. का, ते पुढे येईलच.

मी नाशिकची. रामकुंडाकडे वळलं की "कुठले तुम्ही? आडनाव काय?" करत मागे लागणाऱ्यांना चुकवतच लहानाची मोठी झाले. स्टँडवरच्या रिक्षावाल्याशी भाव ठरवल्याशिवाय पाय आत टाकत नाही. त्यामुळे आपल्याला कुणी टोपी घालेल असं मला कधी वाटलंच नव्हतं. आणि घातली ती जपानमध्ये!

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी, नवरा आणि सासूबाई असे तिघं क्योतोत होतो. सासूबाई माळकरी. त्यातून चातुर्मास चालू, म्हणजे कांदा-लसूणसुद्धा बंद. सोबत चकल्या, चिवडा, थालीपिठाची भाजणी असा जामानिमा होता, पण तो किती दिवस पुरणार?

तो दिवस इतका चांगला गेला होता की, खरं सांगायचं तर त्यानेच घात केला. देमाचीयानागीला कामो आणि ताकानो या दोन नद्या मिळतात. तिथे पात्रात दगडी ठोकळे टाकले आहेत, काही चक्क कासवाच्या आकाराचे. शाळकरी पोरं त्यांवरून टणाटण उड्या मारत नदी ओलांडतात. आम्ही काठावर चकल्या काढून बसलो. घारींपासून सावध राहा असे फलक तिथे लावलेले आहेत, आम्ही ते पाहिले, हसलो, आणि दुसऱ्या मिनिटाला नवऱ्याच्या हातातली चकली गेली. मागून आली, पंखांचा नुसता वारा लागला, संपलं. सासूबाई म्हणाल्या, "पाटी लावून चोरी करतात हो इथे." किती खरं बोलल्या ते संध्याकाळी कळलं.

नंतर रेल्वेने सान्जोला उतरलो तर कॅमेरा गायब. देमाचीयानागीच्या फलाटावरच्या बाकावर राहिला होता. गेटवरच्या कर्मचाऱ्याला खाणाखुणांनी सांगितलं. त्याने फोन लावला, पट्ट्याचा रंग विचारला, आणि परत जायला सांगितलं. तिथे कॅमेरा एका पिशवीत, वर वेळ लिहिलेली चिठ्ठी. एक अर्ज भरला, सही केली, झालं. नवऱ्याने आनंदाच्या भरात चिवड्याचं पाकीट पुढे केलं, तर तो माणूस कमरेत वाकून वाकून नको म्हणत राहिला. शेवटी आम्हालाच लाज वाटली.

असं झाल्यावर त्या गावात कुणावर अविश्वास दाखवणं म्हणजे पाप वाटायला लागतं. दुपारी बाजारात झगा घातलेल्या एका माणसाने सोनेरी कार्ड हातात कोंबून देणगीची वही पुढे केली, तेव्हा मी ते कार्ड परत त्याच्या हातात ठेवून पुढे निघाले होते. खरे भिक्षू टोपलीएवढी टोपी घालून, वाडगं धरून एका जागी मंत्र म्हणत उभे राहतात, कुणाच्या मागे लागत नाहीत, हे मला ठाऊक होतं. म्हणजे अक्कल शाबूत होती. पण ती अशी अंगावर येणाऱ्यांसाठी राखून ठेवली होती.

ऑक्टोबरच्या शेवटी तिथे साडेपाचला काळोख पडतो. नदीकाठाने आम्ही पुन्हा सान्जोपर्यंत चालत आलो. डाव्या हाताला पाणी, उजव्या हाताला पाण्यावर काढलेले लाकडी मांडव. उन्हाळ्यापासून नदीकाठची हॉटेलं हे मांडव उभारतात आणि लोक वाऱ्यावर बसून जेवतात. त्याला म्हणतात युका. दिव्यांच्या माळा, खाली खळखळ. पूर्वी शिराकावा नावाचा सम्राट होऊन गेला. त्याने म्हटलं होतं की तीन गोष्टी माझं ऐकत नाहीत: कामो नदीचं पाणी, सोंगट्यांच्या खेळातले फासे आणि डोंगरावरच्या मठातले भिक्षू. 794 साली राजधानी झालेल्या गावातल्या सम्राटाची ही कथा, तर आम्ही कोण?

मांडवावर जेवायचं म्हणजे बहुतेक ठिकाणी आधी जागा राखून ठेवावी लागते आणि ठरलेलं ताट घ्यावं लागतं. त्यात मासे. नदी आणि कियामाची रस्ता यांच्यामध्ये पोन्तोचो नावाची बोळ आहे, दोन छत्र्या उघडून समोरासमोर येऊ नयेत इतकी अरुंद. तिथे चार ठिकाणी डोकावलो. दोन भरलेली, एकाने दोन्ही हातांची फुली करून नाही म्हटलं, चौथ्याने प्रामाणिकपणे सांगितलं की आमच्या सगळ्या रश्शांत माशाचं पाणी असतं. हे दाशी प्रकरण शाकाहारी माणसाने नीट समजून घ्यावं. डाळीत मीठ असावं तसं ते बहुतेक जेवणात असतं.

सात वाजले. सासूबाई काही बोलत नव्हत्या, म्हणजे भूक फार लागली होती. नवऱ्याने फोनवर कियामाचीवरचं एक हॉटेल शोधलं, भाज्यांचे पदार्थ मिळतात असं लिहिलेलं. कियामाची हा रस्ता ताकासे नावाच्या कालव्याच्या काठाने जातो. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला सुमिनोकुरा र्‍योई या व्यापाऱ्याने तो खोदवला, सपाट बुडाच्या होड्यांतून माल आणायला. आता पाणी घोटाभर, दोन्ही बाजूंना झाडं आणि एकावर एक चढवलेले बार. आम्ही त्या हॉटेलच्या दारापासून चार पावलांवर होतो, नकाशा उलटासुलटा करत.

"इंडिया? नमस्ते!"

विशीतला पोरगा. काळं जाकीट, हातात प्लास्टिकमध्ये मढवलेलं मेनूकार्ड, चेहऱ्यावर असं हसू की आपल्याच कॉलनीतला वाटावा. कुठे जायचंय विचारलं. आम्ही फोन दाखवला. तो हळहळला. "टुडे फुल. फुल." मग त्याने फोन काढून कुणाशी तरी बोलल्यासारखं केलं आणि सांगितलं की त्याच मालकाचं दुसरं हॉटेल आहे, दोन मिनिटांवर, जागा आहे. सासूबाईंच्या माळेकडे बघून म्हणतो, "व्हेजिटेरियन ओके! नो फिश! वन पर्सन टू थाउजंड."

दार चार पावलांवर होतं. ते ढकलून आत विचारायचं एवढंच काम होतं. तिघांपैकी एकालाही सुचलं नाही.

सासूबाईंनी त्याची पाठ थोपटली. "किती गोड पोर आहे. याच्याबरोबर एक फोटो काढ रे." काढला.

एका इमारतीच्या लिफ्टने वर नेलं. खाली दाराशी ना मेनू, ना दर. वर पडद्यांनी पाडलेले छोटे छोटे कप्पे. बसताच तीन वाट्या आल्या, मुळ्याचं काहीतरी. याला ओतोशी म्हणतात. जपानी दारूगुत्त्यांत, म्हणजे इझाकायात, ही पद्धत बहुतेक ठिकाणी असते. न मागता येते आणि माणशी तीन-चारशे येन लागतात. ती फसवणूक नव्हे, उगाच कुणाशी त्यावरून भांडू नका. आमच्याकडे तिचे माणशी 800 लावले ते सोडा.

मग वेटर म्हणाला, प्रत्येकाने एक पेय घ्यायलाच हवं. बरं. प्रत्येकाने दोन पदार्थ घ्यायलाच हवेत. बरं. "ते दोन हजारांचं शाकाहारी ताट?" तो गोंधळल्यासारखा हसला. तसं ताट नव्हतंच. त्याच क्षणी उठायला हवं होतं. पण ओतोशी आली होती, पाणी आलं होतं, चपला दाराशी कपाटात बंद होत्या. संकोच नावाची वस्तू किती महाग पडते!

तोफू आलं. गरम तोफूवर तपकिरी पापुद्रे, वाफेने हलणारे, जिवंत असल्यासारखे.

"अगं, हे हलतंय काय?" सासूबाई म्हणाल्या.

फोनवर बघितलं. वाळवलेल्या बोनिटो माशाचा कीस. सासूबाईंनी बशी अलगद दूर सरकवली आणि पुढचा अर्धा तास फक्त काकडी खाल्ली.

बिल हाताने लिहिलेलं होतं. ओतोशी 2,400. बसण्याचा आकार 4,500. शनिवार म्हणून 3,000. तीन रस 2,700. सहा पदार्थ 7,300. त्यावर सेवाशुल्क वीस टक्के, त्यावर कर दहा टक्के. मी "टू थाउजंड" म्हणून दोन बोटं दाखवली. वेटरने मेनूचं शेवटचं पान उलटून मुंगीएवढ्या जपानी अक्षरांवर बोट ठेवलं. फोन धरून भाषांतर केलं तर सगळं लिहिलेलं: बसण्याचा आकार, शनिवारचा आकार, सगळं. पाटी लावून चोरी! रस्त्यावरचा मुलगा? "ही, नॉट अवर स्टाफ." कार्ड चालत नव्हतं, मशीन बिघडलेलं. आवाज कुणी चढवला नाही, हात कुणी लावला नाही. फक्त लिफ्टसमोर आणखी दोघं येऊन उभे राहिले, हात मागे बांधून, अदबीने. आम्ही रोख मोजली.

तिथून आम्ही थेट पोलिसचौकीत गेलो. तिला कोबान म्हणतात, आणि तिथला हवालदार, खरं सांगते, फार भला होता. फोनवर दुभाषी जोडून दिला, सासूबाईंना खुर्ची दिली. धमकावलं का? नाही. मारलं का? नाही. दर लिहिलेले होते का? होते. मग हा गिऱ्हाईक आणि दुकानदार यांच्यातला पैशांचा वाद ठरतो, पैसे दिल्यावर ते परत मिळवून देणं अवघड, असं त्याने वाईट तोंड करून सांगितलं. त्याच्याकडूनच दोन शब्द शिकले. रस्त्यावर उभं राहून गिऱ्हाईक ओढणारा तो क्याकुहिकी. क्योतोच्या त्या भागात हा धंदा करायला बंदी आहे, तरी रोज संध्याकाळी माणसं उभी असतात. आणि अव्वाच्या सव्वा बिल लावणं म्हणजे बोत्ताकुरी. दलाल कुठल्याच हॉटेलचा नसतो, बिलावर टक्का घेतो. म्हणून हॉटेल म्हणतं तो आमचा नाही, आणि ते खोटंही नसतं. वर अशा जागा पाट्या बदलतात, त्यामुळे फोनवर वाईट अभिप्राय शोधायला जावं तर नावच नवीन.

बिल बघून पटलं नाही तर पैसे देण्याआधी तिथूनच पोलिसांच्या 110 ला फोन करायचा, हे आम्हाला पैसे दिल्यावर कळलं. परदेशी पर्यटकांसाठी तिथल्या राष्ट्रीय ग्राहक केंद्राची वेगळी हेल्पलाइन आहे, तिचं पत्रक हवालदाराने दिलं. पण आमची पावतीच बिननावाची. छापील पावती मागून घ्यायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी हट्टाने त्या पहिल्या हॉटेलात गेले, ज्याचं दार चार पावलांवर होतं. मालकीणबाईंना फोनवर लिहून विचारलं. काल संध्याकाळी जागा होती. त्यांची दुसरी शाखा नाही. कधीच नव्हती. आमच्यासारखे आणखीही लोक येऊन विचारून गेलेत म्हणे. मग त्यांनी विचारलं, समुद्री शेवाळाचं पाणी चालेल का? कोम्बूचं दाशी, त्यात मासा नसतो. कांदा-लसूण न घालता त्यांनी सासूबाईंना वांग्याची मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचं वाटण) लावलेली फोड, तोफू आणि गरम भात वाढला. चातुर्मासात वांगंही चालत नाही, हे त्यांना कसं सांगणार? ते मी खाल्लं. तिघांचं मिळून 5,400 येन झालं. हेच जेवण आदल्या रात्री हवं होतं.

पुढचे दोन दिवस आम्ही शहाण्यासारखे वागलो. नान्झेन्जी मंदिराच्या बाजूला तोफूची जुनी हॉटेलं आहेत आणि काही मठांत शोजिन र्‍योरी नावाचं शुद्ध शाकाहारी ताट मिळतं, त्याची आदल्या दिवशी, आम्ही उतरलो होतो त्या हॉटेलच्या काउंटरवरून नोंदणी करून घेतली. काउंटरवरच्या मुलीने जपानीत चिठ्ठी लिहून दिली: मासा नको, माशाचं पाणी नको, माशाचा कीस नको. तो कागद अजून माझ्या पासपोर्टात आहे. नमस्ते म्हणत जवळ येणाऱ्या प्रत्येकाला आम्ही मान हलवून पुढे जायला लागलो. त्यात एकदा एक बिचारा कॉलेजचा मुलगा होता, त्याला फक्त इंग्रजीचा सराव करायचा होता.

घरी आल्यावर नवऱ्याने कॅमेऱ्यातले फोटो टीव्हीवर लावले. कासवाचे दगड, घार (पाठमोरी, चकलीसकट), युकाचे दिवे, आणि मग तो. सासूबाईंच्या शेजारी उभा, दोघांनी दोन दोन बोटं वर केलेली. नवरा म्हणाला, हा काढून टाकतो.

"राहू दे," सासूबाई म्हणाल्या. "पंधरा हजारांचा फोटो आहे. फ्रेम करून घे."