परदेशातल्या लेकीसाठी मसाला: लालबागच्या डंक्याचा अनुभव

एप्रिल लागला की माझ्या ओळखीतल्या बायकांचा एकच प्रश्न सुरू होतो. "मुलगी मेमध्ये येतेय, परत जाताना बरोबर काय देऊ गं?" माझं उत्तर ठरलेलं आहे. चकल्या, लाडू, चिवडा हे सगळं नंतर. आधी लालबागला जा आणि डंक्यावर, म्हणजे मुसळांच्या कांडपयंत्रावर, मसाला कुटून आण. २३ किलोच्या बॅगेत आपल्या जागेचं मोल इतकं चुकतं करणारी दुसरी वस्तू मला तरी सापडलेली नाही.

माझी लेक फ्रँकफर्टला असते. तिथे इंडियन स्टोअर्सना काही तोटा नाही. तूरडाळ, पोहे, साबुदाणा, पार्ले-जी, फ्रोझन पराठे, सगळं मिळतं. श्रीलंकेतून तिकडे गेलेल्या तमिळ लोकांची दुकानं आहेत, त्यांच्याकडे कढीपत्ता असतो, किसलेला फ्रोझन नारळ असतो, शेवग्याच्या शेंगासुद्धा असतात. तुर्की मासेवाल्याकडे आपल्या बांगड्याच्या जातकुळीतला मासा मिळतो. म्हणजे बांगड्याच्या तिखल्याची (कोकणातल्या तिखट कालवणाची) जवळजवळ सगळी तयारी तिच्या घराच्या आसपास होते, अडतं ते मसाल्यापाशी. तिथल्या रॅकवर 'फिश करी मसाला' असतो. तो घातला की मासा कोणता, गाव कोणतं, सगळं एकच होऊन जातं. आणि समजा मालवणी मसाल्याचं पाकीट मिळालं, तरी तो कुणाच्या घरचा? आमच्याकडे बडीशेप कमी आणि मिरी जास्त, शेजारच्या वहिनींकडे बरोबर उलट. दोघींचं माहेर एकाच तालुक्यात, तरी!

तर लालबाग. चिंचपोकळीला किंवा करी रोडला उतरा आणि चालत या. गल्ली जवळ आली हे नाकाला आधी कळतं. दुकानाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. इथे प्रत्येक घराचं एक ठरलेलं दुकान असतं आणि 'आमचाच चांगला' या वादाला अंत नाही. पद्धत बहुतेक ठिकाणी सारखीच आहे. कापडगिरण्या चालू होत्या तेव्हा परळ, लालबाग, काळाचौकीच्या चाळींत कोकणातली आणि घाटावरची माणसं एकेका खोलीत दहा-दहा राहायची आणि खानावळीत जेवायची. माझे सासरे त्यांतलेच एक. घरापासून लांब राहून घरची चव मिळवायची, हा उद्योग त्यांनीही केलेलाच होता, फक्त गाव आणि मुंबई यांच्यात तेव्हा विमान नव्हतं. १९८२च्या संपानंतर गिरण्या एकेक करून गेल्या, त्यांच्या जागी टॉवर आले. डंके अजून धपधपतायत.

मिरचीपासून सुरुवात करा आणि घाई करू नका. आम्ही तीन प्रकारच्या घेतो. ब्याडगी रंगासाठी, ही कर्नाटकातल्या हावेरीकडची, सुरकुतलेली, तिखटाला सौम्य. संकेश्वरी चवीसाठी आणि बेताच्या तिखटासाठी. थोडी पांडी, जिच्यामुळे कपाळावर घाम येतो. दुकानदार पोत्यातून वरवरची मूठ काढून दाखवतो. तुम्ही खाली हात घाला. मिरची कानाजवळ हलवली की बी खुळखुळलं पाहिजे आणि वाकवली की मोडली पाहिजे. नुसतीच वाकत असेल तर तिच्यात ओल आहे, म्हणजे तुम्ही पाण्याचे पैसे देताय, आणि असा मसाला परदेशात काय, पावसाळ्यात घरच्या डब्यातही टिकणार नाही. देठं काढलेली मिरची महाग पडते. मी देठांसकट घेते, घरी नेऊन चार कडक उन्हं दाखवते, टीव्ही बघत देठं काढते आणि मग भाजायला परत आणते. ज्यांच्या घरी ऊन येत नाही (आता निम्म्या मुंबईच्या घरी येत नाही, माझी विक्रोळीची गॅलरी वाचलीय अजून) त्यांनी निवडलेली घ्यावी.

माझ्याकडे सासूबाईंच्या हातची चिठ्ठी आहे. एक किलो मिरचीला धणे किती, बडीशेप किती, आणि पुढे जिरे, शहाजिरे, लवंग, मिरी, दालचिनी, मसाला वेलची, चक्रीफूल, दगडफूल, नागकेशर, जायपत्री, तमालपत्र, खसखस, हळकुंड, खडा हिंग. ती दुकानात दिली की काउंटरवरचा माणूस एकेक जिन्नस वजन करून वेगळ्या पुडीत बांधतो आणि प्रत्येकाचा भाव बिलावर लिहितो. ही गोष्ट मला फार आवडते. मिरचीपेक्षा खड्या मसाल्याचं बिल जास्त होतं, हे तेव्हाच कळतं आणि वेलचीवर हात आखडायचा की नाही ते ठरवता येतं. आखडू नका. चिठ्ठी नसेल तर तेही प्रमाण सांगतात, पण ते त्यांच्या दुकानाचं प्रमाण असतं.

भाजणीच्या वेळी मात्र तिथून हलायचं नाही. गर्दी असली की भाजणारा म्हणतो, "काकू, सगळं एकत्र टाकतो, पटकन होईल." नाही म्हणायचं. धणे सोनेरी होईपर्यंत भाजावे लागतात. तेवढ्या वेळात शहाजिऱ्याचा कोळसा होतो. दगडफूल सगळ्यात शेवटी, गरम कढईत नुसतं फिरवून काढायचं, ते कागदासारखं पेटतं. हळकुंड आणि हिंग तेलात तळून. मिरचीवर जरासं तेल, आच मंद, आणि रंग काळवंडायच्या आत उतरवायची. माझ्या दुकानातला भाजणारा इतरांना हात धरून शिकवावं इतका चांगला आहे, पण समोर कुणी उभं असलं तरच. दुकानातला खकाणा असा असतो की पाच मिनिटांत शिंका सुरू होतात. रुमाल ओला करून न्या. तिथली पोरं दिवसभर त्यात उभी असतात आणि एकाच्याही तोंडाला फडकं नसतं, हे मालकाला मी प्रत्येक वेळी सांगते आणि तो प्रत्येक वेळी हसतो.

मग डंका. लोखंडी मुसळं एकाआड एक वर जातात आणि उखळात आदळतात. चक्कीवर मसाला लवकर होतो, पण तो बाहेर येतो तेव्हा हाताला चटका बसेल इतका तापलेला असतो, आणि त्या उष्णतेत वास उडून जातो. डंक्यावर कुटलेला कोमट असतो. चाळतात, वर राहिलेला चोथा पुन्हा कुटतात, पुन्हा चाळतात. शेवटचा चोथाही मागून घ्या, मटणाच्या वाटणात चालतो.

या दुकानावर माझा जीव बसला तो एका प्रश्नामुळे. काउंटरवरच्या माणसाने विचारलं, "कुठे जाणार मसाला?" मी म्हटलं, थोडा जर्मनीला आणि थोडा भाच्याकडे दुबईला. "मग दुबईचा वेगळा कुटू. त्यात खसखस नको." संयुक्त अरब अमिरातीत खसखशीवर बंदी आहे. तिथे नुसती बाळगणंसुद्धा अंगाशी येऊ शकतं. भाचा इतकी वर्षं तिकडे राहतो, त्याच्या आईने मागे त्याच्यासाठी अनारसे बांधायला घेतले होते, आणि हे मला कळलं ते लालबागच्या दुकानात. त्यांनी खसखस काढून धणे थोडे वाढवले. भाच्याला फरक कळला नाही, किंवा कळला असेल तर तो बोलला नाही.

आता तक्रारी. पॅकिंग साफ नापास. मसाला साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीत भरतात आणि हातातल्या मशीनवर सील करतात. वर ना तारीख, ना घटक. घरी न्यायला ठीक आहे, पण बॅग उघडणाऱ्या कस्टमवाल्यासमोर बिननावाची लाल पूड आली तर तो प्रश्न विचारणारच. मी दुकानाच्या छापील पाकिटात भरून मागते, ज्यावर एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ आकडी नंबर असतो, आणि वर इंग्रजीत घटक लिहून चिकटवते. बिलही बरोबर देते. पिशवीवर पिशवी अशा दोन घाला, नाहीतर लेकीचे सगळे कपडे महिनाभर मसालेभाताचा वास मारतील. मसाला नेहमी चेक-इन बॅगेत. अमेरिकेच्या विमानात हातातल्या बॅगेत ३५० मिलिलिटरपेक्षा जास्त पूड असली की वेगळी तपासणी होते, आणि आपल्याकडे सुरक्षा तपासणीला तिखट दिसलं की काढून ठेवायला सांगतात ते निराळंच.

दुसरी तक्रार, कांदा-लसूण मसाला. जावई कोल्हापूरकडचे, म्हणून एकदा तोही इथूनच घेतला. रंग आला, पण तळलेल्या कांद्याचा आणि सुक्या खोबऱ्याचा खमंगपणा आला नाही. तो मसाला त्या बाजूच्या कुणाच्या तरी घरूनच मागवावा. लालबागला कोकणी जीभ कळते, घाटावरची जेमतेम.

एप्रिल-मेमध्ये रविवारी अजिबात जाऊ नका. मधल्या वारी सकाळी दुकान उघडतानाच गेलं तर जेवायच्या वेळेपर्यंत मोकळं होता येतं. मिरची किलोच्या आत असेल तर वेगळं कुटायला कुरकुर करतात. भाव दर हंगामाला बदलतात, फोन करून विचारा.

पाठवायचं कसं? शक्यतो माणसाबरोबर. मी एकदा कुरियरने पाठवला तर त्यांनी कागदावर काहीतरी भलतंच लिहिलं, पाकीट तिकडच्या कस्टममध्ये अडकलं आणि लेकीला कामावरून सुट्टी काढून बिल दाखवायला जावं लागलं. जर्मनीत घरच्यांनी पाठवलेली ४५ युरोपर्यंतची भेट करमुक्त असते, तेव्हा 'गिफ्ट' आणि खरी किंमत दोन्ही स्पष्ट लिहून घ्या. त्यापेक्षा जास्त किमतीचं एका पाकिटात कोंबू नका.

मसाल्याबरोबर आमसुलं, वाळलेली तिरफळं, कुळथाचं पीठ आणि थालीपिठाची भाजणी एवढंच मी देते. या सगळ्याला वजन कमी, आयुष्य जास्त. शेजारच्या चिवडा गल्लीतला चिवडा उत्तम असतो, पण तो पंधरा दिवसांत संपवायचा पदार्थ आहे, आणि चकल्या तर पोचेपर्यंत भुगा. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या विमान कंपन्या चेक-इन बॅगेत घेत नाहीत, तेलामुळे त्या पेट घेणाऱ्या वस्तूंत मोडतात. त्याची गरजही नाही, खोबऱ्याचा कीस जर्मनीत केकच्या सामानात मिळतो. पेढे, खवा, तूप युरोपात नेता येत नाही, दुधाचं आणि मांसाचं काहीच चालत नाही. मासे मात्र २० किलोपर्यंत चालतात! म्हणजे पेढ्याला बंदी आणि सुक्या बोंबलाला मोकळं रान. मी लेकीला बोंबील देऊ केले, तिने हात जोडले. तिच्या फ्लॅटमध्ये धूर झाला की अलार्म वाजतो.

तिकडे पोचल्यावर मसाला दोन भाग करून ठेवावा. रोजचा काचेच्या बरणीत, हिंगाचा खडा घालून, उजेडापासून लांब, बाकीचा फ्रीझरमध्ये. वर्षभर रंग टिकतो. यंदा लेकीचा निरोप आलाय की मसाला छान झालाय पण जावयांना झेपत नाही, पुढच्या वेळी पांडी पावशेर कमी कर आणि धणे वाढव. ह्यांना आणि मला तर आहे तसाच हवा. म्हणजे पुढच्या एप्रिलला तिचा वेगळा, आमचा वेगळा, दुबईचा वेगळा, आणि कुटणावळ तीनदा.