यूट्यूब की इन्स्टाग्राम? मराठी रेसिपी करणाऱ्यांनी आधी बस्तान कुठे बसवावं

नोकरी सांभाळून आठवड्याला पाच-सहा तास हाताशी, एक बरा फोन आणि विषय स्वयंपाकाचा. एवढ्या भांडवलावर दोन्हीकडे सारखाच जोर लावायला गेलात तर दोन्हीकडे अर्धवट राहील. म्हणून माझं मत आधीच सांगून टाकतो: तुमच्याकडे शिकवण्यासारखं काही असेल तर यूट्यूब, विकण्यासारखं असेल तर इन्स्टाग्राम.

उकडीचे मोदक घ्या. इन्स्टाग्रामवर हे वीस सेकंदांचं काम. पारीला कळ्या पाडणारी बोटं, मोदकपात्राचं झाकण उघडताच वाफ, वरून तुपाची धार. पहिल्या दोन सेकंदांत काही घडलं नाही की बघणारा पुढे सरकतो. पण रील चाललं, तर तुम्हाला अजिबात न ओळखणाऱ्या हजारो लोकांपर्यंत रातोरात पोचतं. शंभर फॉलोअर असणाऱ्यालाही ही संधी असते. इन्स्टाग्रामचे प्रमुख अ‍ॅडम मोसेरी यांनी सांगितलेले तीन मोठे निकष म्हणजे किती वेळ पाहिलं, किती लाइक आले आणि किती जणांनी दुसऱ्याला पाठवलं. नवे लोक गाठायचे तर यातलं पाठवणं सगळ्यात कामाचं. ‘हे ताईला पाठवते’ असं ज्या रीलवर वाटतं, तेच पुढे जातं. अडचण एवढीच, की बहुतेक रीलं थोड्याच दिवसांत थंडावतात आणि पुन्हा नवं काहीतरी टाकावं लागतं.

यूट्यूबवर तोच मोदक वेगळ्या वाटेने चालतो. तिथे माणूस प्रश्न घेऊन येतो: उकड चिकट का झाली, वाफवताना मोदक फुटतात ते का. याचं नीट उत्तर देणारा आठ मिनिटांचा व्हिडिओ पहिल्या महिन्यात दोनशे जणांनी पाहिला तरी हिरमुसू नका. पुढच्या भाद्रपदात लोक पुन्हा तेच शोधणार आहेत. त्यासाठी ‘आमच्या घरचे मोदक’ हे शीर्षक कुचकामी. ‘वाफवताना मोदक फुटू नयेत म्हणून उकड अशी काढा’ हे कामाचं. आपली बरीच मंडळी मराठी शब्द रोमन लिपीत टाइप करून शोधतात, तेव्हा वर्णनात पदार्थाचं नाव दोन्ही लिप्यांत असू द्या. आणि व्हिडिओ गणपतीच्या आदल्या दिवशी नको, श्रावणातच चढवा.

यूट्यूबकडे आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते, ती म्हणजे ‘यूट्यूब स्टुडिओ’ या चॅनल सांभाळायच्या अ‍ॅपमधला आलेख. प्रेक्षक कुठल्या क्षणी निघून गेले ते त्यात दिसतं. ‘नमस्कार मंडळी, चॅनलवर नवीन असाल तर सबस्क्राइब करा, बेलचं बटण दाबा’ हे पालुपद लावलं की रेघ तिथेच घसरते. उलट एखाद्या ठिकाणी रेघ वर उचलली असेल तर लोक तेवढाच भाग मागे नेऊन पुन्हा पाहतायत. तो भाग पिठीला पाणी किती याचा असेल, तर प्रमाण ठळक अक्षरांत पडद्यावर लिहायला हवं होतं, आणि पुढच्या व्हिडिओचा विषयही तोच.

आता पैसा. यूट्यूबच्या जाहिरातींत वाटा मिळवायला 1,000 सबस्क्रायबर आणि मागच्या 12 महिन्यांत 4,000 तासांचा पाहण्याचा वेळ लागतो. दर वेळी सरासरी चार मिनिटं पाहिली गेली तर हे साधारण 60,000 व्ह्यूज झाले. अवघड आहे, अशक्य नाही. दुसरा रस्ता शॉर्ट्सचा, म्हणजे यूट्यूबवरच्या छोट्या उभ्या व्हिडिओंचा: 90 दिवसांत एक कोटी व्ह्यूज, म्हणजे रोजचे लाखाच्या वर. त्या नादी लागू नका. शॉर्ट्स फीडमध्ये पाहिलेला वेळ त्या 4,000 तासांत धरला जात नाही, हेही अनेकांना उशिरा कळतं. पात्र ठरल्यावर लांब व्हिडिओवरच्या जाहिरातींचा 55 टक्के वाटा तुमचा.

इन्स्टाग्रामवर असा बांधलेला वाटा गृहीत धरू नका. तिथे कमाई ब्रँडकडून, आणि लहान खात्याला सुरुवातीला पैशांऐवजी मसाल्याची पाकिटं येतात. फुकट आलेली वस्तू दाखवतानाही ती जाहिरात असल्याचं लिहावं लागतं. जाहिरात मानक परिषदेची तशी मार्गदर्शक तत्त्वं 2021 पासून आहेत.

मात्र तुम्ही दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डर घेत असाल, किंवा मालवणात होमस्टे चालवून तिथलं जेवण दाखवत असाल, तर हा सगळा हिशेब उलटतो. तुम्हाला लाखभर प्रेक्षक नकोत, पुण्या-मुंबईची चाळीस गिऱ्हाइकं हवीत. ती स्टोरी पाहतात, मेसेज करतात, तिथेच व्यवहार ठरतो. (भाव मात्र उघड लिहा. ‘किंमत इनबॉक्समध्ये’ वाचून निम्मे लोक वैतागून निघून जातात.)

‘तुम्ही मला करा, मी तुम्हाला करतो’ असे सबस्क्रायबर वाढवणारे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप दोन्हीकडच्यांना भेटतील. आकडा फुगतो, व्हिडिओ कुणी पाहत नाही, आणि यूट्यूबच्या नियमांतही ते बसत नाही.

एक घर निवडलं तरी दुसरीकडे नाव अडवून ठेवा आणि तयार व्हिडिओतले तुकडे तिथे टाकत राहा. 29 जून 2020 ला टिकटॉकवर बंदी आली तेव्हा गावोगावच्या कितीतरी जणांचे फॉलोअर एका दिवसात गेले. ज्यांचं दुसरीकडेही खातं होतं ते सावरले. त्याच वर्षी नगर जिल्ह्यातल्या सुमन धामणे यांचं ‘आपली आजी’ हे चॅनल हॅक झालं होतं, सुदैवाने परत मिळालं. कोलॅबरेशनच्या नावाने आलेल्या ईमेलमधली फाइल उघडणं हा चॅनल गमावण्याचा नेहमीचा रस्ता. चॅनलला वेगळा ईमेल ठेवा, दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा, आणि मूळ व्हिडिओ फोनमधून काढून हार्ड डिस्कवर घ्या.