गाळाचा कोअर काढणारा हातसंच: पट्टीवरची खोली खरी आहे का?

हिंगणा एमआयडीसीतल्या एका लहान कारखान्यात मागणीप्रमाणे बनवून मिळणारा हा संच पुरलेला गाळ थरासकट वर काढण्यासाठी आहे. असा थरासकट आलेला लांबट नमुना म्हणजे कोअर. त्यात एकेक मीटर लांबीचे दोन गाउज, म्हणजे अर्ध्या उघड्या नळ्या (३० आणि ६० मिलिमीटर), अर्धा मीटर कप्प्याचा ५२ मिलिमीटरचा रशियन कोअरर, चिकणमातीसाठी एडलमन ऑगर (फिरवून माती काढणारं हातगिरमिट), एकेक मीटरचे आठ रॉड, टी आकाराचं हँडल, सरकत्या हातोड्याची नमुना-नळी आणि दोन पाइप पाने येतात. दर मागणीनुसार ठरतो, म्हणून इथे आकडा देत नाही.

समुद्र नागपूरपासून लांब. समृद्धी महामार्गाने मुंबई गाठायची तरी ७०१ किलोमीटर. तरीही किनाऱ्यावर काम करणाऱ्यांनी हा संच नागपुरात घेऊन इथेच हात बसवावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. विदर्भातल्या मामा (माजी मालगुजारी) तलावांच्या कडेला मऊ, ओला गाळ मिळतो, शेतात चिवट काळी माती मिळते आणि कन्हानच्या पात्रात वाळू मिळते. किनाऱ्यावर भेटणाऱ्या तिन्ही अडचणी दोन तासांच्या अंतरात. तलावावर जाण्याआधी ग्रामपंचायतीची किंवा संबंधित खात्याची परवानगी मात्र घ्यायची.

जुना किनारा कुठे होता हे सांगायला एका थराच्या दोन गोष्टी लागतात: समुद्रसपाटीच्या तुलनेत त्याची उंची आणि त्याचं वय. वय प्रयोगशाळा नमुन्यात उरलेल्या किरणोत्सारी कार्बनवरून काढते. उंची या संचावर अवलंबून असते, म्हणून परीक्षणाची कसोटी एकच ठेवली. वहीत ४ मीटर ३० सेंटिमीटर लिहिलं तर तो थर खरंच तिथलाच आहे का?

या कसोटीवर ३० मिलिमीटरचा गाउज उत्तम उतरतो. पन्हाळीसारखी अर्धी उघडी नळी हाताच्या जोराने सरळ दाबायची, एक पूर्ण फेरा द्यायचा आणि ओढायची. फेरा दिला नाही तर चिखल धरून ठेवतो आणि ओढताना खालचा भाग तुटून राहतो. पूर्ण मीटर दाबू नका, ९० सेंटिमीटरला थांबा. नळी भरल्यावरही दाबत राहिलं की गाळ आवळला जातो आणि वरच्या थरांची जाडी खोटी येते. पुढच्या दाबात १० सेंटिमीटर आधीच्या खोलीवर चढवून घ्यायचे. वर आलेला गाळ सुरीने आडवा खरवडायचा, उभा कधीच नाही, कारण उभ्या खरवडण्याने वरचा चिखल खालच्या थरावर फासला जातो. पात्याची धार कारखान्याने छान लावली आहे आणि कडा समांतर आहेत. नुसतं थरांचं वाचन करायचं असेल तर याहून जास्त काही लागत नाही.

नमुना पुरतो का, हा पुढचा प्रश्न. ३० मिलिमीटरच्या अर्ध्या नळीत एक सेंटिमीटरच्या चकतीत जेमतेम साडेतीन घनसेंटिमीटर गाळ बसतो. फोरॅमिनिफेरा (समुद्राच्या आणि खाडीच्या पाण्यातले कवचवाले सूक्ष्म जीव) मोजायला ५ ते १० घनसेंटिमीटर हवेत, म्हणजे दोन-तीन सेंटिमीटरची चकती कापावी लागते आणि बारीक बदल त्यात मिसळून जातात. रशियन कोअररच्या एका सेंटिमीटरमध्ये साडेदहा घनसेंटिमीटर मिळतात. म्हणून आधी गाउजने जागा हुडकावी आणि नमुन्यासाठी रशियन उतरवावा.

संचातला हा रशियन कोअरर मन लावून बनवलेला आहे. तो बंद स्थितीत खाली जातो, हव्या त्या खोलीवर १८० अंश फिरवला की कप्पा गाळ कापून पात्यामागे बंद होतो. वरचा चिखल आत शिरत नाही आणि गाळ दाबलाही जात नाही. पात्याची आणि कप्प्याची फट एकसारखी आहे, बिजागरी सैल नाही. टोकाचा सुळका मात्र खालचे दहाएक सेंटिमीटर ढवळतो, त्यामुळे सलग नमुना एकाच भोकातून घेऊ नये. हातभर अंतरावर दोन भोकं घ्या: पहिल्यात ०–५०, दुसऱ्यात ४०–९०, परत पहिल्यात ८०–१३०. वाळूत किंवा वाळलेल्या काळ्या मातीत तो घालू नका. कप्पा फिरत नाही, जोर केला की पातं वाकतं आणि वाकलेलं पातं पुन्हा नीट बंद होत नाही.

मोठी उणीव रॉडच्या जोडात आहे. जोड साध्या आट्यांचे आहेत, कुलूपपिन नाही. घड्याळाच्या दिशेने फिरवलं तर जोड आवळतात, उलट फिरवलं तर सुटतात, आणि पाच मीटर खाली सुटलेला कोअरर बहुतेक वेळा परत येत नाही. प्रत्येक जोडावर ऑइल पेंटची उभी पांढरी रेघ ओढून ठेवा. रेघ तुटलेली दिसली की जोड ढिला. हँडलवरही बाणाची खूण करा, कारण दमलेला माणूस दिशा विसरतो. भरीव २० मिलिमीटर पोलादाचा मीटरभर रॉड सुमारे अडीच किलोचा असतो, आठांचे वीस किलो झाले. वर ओढायला दोन माणसं आणि रॉड धरणारा जॅक लागतो. जॅक संचात नाही, तो असायला हवा होता.

आट्यांना ग्रीस लावायचं की नाही? खाऱ्या पाण्यात आटे दोन दिवसांत गंजतात, म्हणून लावावंच लागतं. पण पेट्रोलियम ग्रीसमधल्या कार्बनमध्ये किरणोत्सारी अंश उरलेलाच नसतो. वय काढायच्या नमुन्यात असा मृत कार्बन ५ टक्के मिसळला तर वय सुमारे चारशे वर्षांनी जास्त येतं, १ टक्का मिसळला तरी ऐंशीएक वर्षांनी. ग्रीस फक्त आट्यांवर लावा, कापडाने पुसून घ्या, कप्प्याजवळच्या पहिल्या जोडाला मुळीच लावू नका. रोज संध्याकाळी गोड्या पाण्याने धुऊन वाळवणं हा खरा उपाय.

रॉड तिरका गेला तर काय होतं तेही मोजून बघावं. सहा मीटरवर ५ अंशांचा कल म्हणजे खोलीत सव्वादोन सेंटिमीटरची चूक, १० अंशांचा कल म्हणजे नऊ सेंटिमीटरची. गवंड्याची लेव्हल रॉडला दोन काटकोनी बाजूंनी लावून पाहायला मिनिटभर लागतं.

हातोडा आणि नमुना-नळी हा या संचातला सर्वांत कमकुवत भाग. नळी मीटरभर ठोकली तरी आत बरेचदा पाऊण मीटरच गाळ येतो. कारखान्याच्या कागदावर ही तूट सगळ्या लांबीवर सारखी वाटून टाकायला सांगितलं आहे, ते चूक आहे. मऊ सेंद्रिय चिखल खूप दबतो, वाळू जवळजवळ दबत नाही. त्याहून वाईट म्हणजे वाळूचा गोळा तोंडाशी अडकला की नळी खांबासारखी नुसती खाली जाते आणि मधला थर आत येतच नाही. बुजलेलं जुनं बंदर शोधण्याच्या कामात नेमका तो हातभर चिखल महत्त्वाचा असू शकतो. नळी वापरायचीच असेल तर दर २० सेंटिमीटरला थांबा, आत गाळ किती चढला ते सळईने मोजा आणि दोन्ही आकडे लिहा. कोअर अडवणाऱ्या पाकळ्या पातळ प्लास्टिकच्या आहेत. पाण्याखालची वाळू त्या धरत नाहीत. पितळी पत्र्याच्या पाकळ्या कापून बसवल्यावर काम सुधारतं.

गाळात काय शोधायचं हे माहीत असेल तर या उणिवा का बोचतात ते कळेल. भूमध्य समुद्रातल्या बुजलेल्या बंदरांत साधारण एक क्रम दिसतो. खाली उघड्या किनाऱ्याची वाळू आणि शिंपले, त्यावर अचानक बारीक राखाडी चिखल, कारण धक्का आणि बांध बांधल्यावर लाटा आत येईनाशा होतात. त्यावर बंदर सोडून दिल्यानंतरचा नदीचा किंवा वाळूचा भराव. वाळूपासून चिखलापर्यंतची ती सीमा म्हणजे बंदर बांधल्याची खूण, आणि नळी अडकली तर तीच नाहीशी होते. इ.स. ४२ मध्ये सम्राट क्लॉडियसने रोमजवळ सुरू केलेलं पोर्टस बंदर आज समुद्रापासून सुमारे ३ किलोमीटर आत आहे, आणि तिथला इतिहास असाच गाळात वाचला जातो. रोमन लोक बंदरं उपसतही असत. नेपल्सच्या मेट्रोच्या खोदकामात तळाशी उपशाचे चर सापडले. त्यामुळे कोअरमध्ये काही शतकांचा गाळ गायब दिसला तर समुद्राने खाल्ला असं लगेच म्हणू नये, माणसांनी काढून टाकला असेल.

आपल्याकडचं मोठं उदाहरण गुजरातमधलं हडप्पाकालीन लोथल. भाजलेल्या विटांची, सुमारे २१५ मीटर लांब आणि ३५ मीटर रुंद टाकी गोदी होती की सिंचनाचा तलाव, हा वाद जुना आहे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी तिथल्या गाळातले फोरॅमिनिफेरा दाखवून गोदीच्या बाजूने पुरावा दिला. २०२४ मध्ये गांधीनगरच्या आयआयटीतल्या संशोधकांनी उपग्रहचित्रांवरून साबरमतीचा जुना प्रवाह लोथलजवळून जात होता असं मांडलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोथलजवळ मातीचे नमुने घेण्यासाठी खोदलेला खड्डा ढासळून दिल्ली आयआयटीच्या एका तरुण संशोधिकेचा जीव गेला. ओल्या गाळात कडेला आधार न देता खोल खड्ड्यात उतरू नये, हे प्रत्येक विभागाच्या भिंतीवर लिहून ठेवावं. चार मीटर खालचा थर जमिनीवर उभं राहून पाहता येतो, हा हातसंचाचा सगळ्यांत मोठा गुण आम्ही मानतो.

नागपुरातल्या सरावाचा एक अनपेक्षित फायदा आहे. कोअरवर पातळ हायड्रोक्लोरिक आम्ल टाकलं आणि फेस आला की नवशिके शिंपले समजतात. आपल्या काळ्या मातीतला चुनखडीचा कंकरही तसाच फेसाळतो. इथे दोनदा फसलेला विद्यार्थी किनाऱ्यावर आधी भिंगातून पाहतो. ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर गाळ धुतला की वर काय उरतं ते बोलतं: अमोनिया आणि एल्फिडियम ही फोरॅमिनिफेरांची कुळं जास्त असतील तर खाडीचं मचूळ पाणी, ट्रोकॅमिना इन्फ्लाटासारखे वाळूचे कण चिकटवून कवच करणारे असतील तर भरतीच्या वरच्या पट्ट्यातली खारफुटी. दुसरा गट उंची ठरवायला फार मोलाचा, कारण तो भरतीच्या मोजक्याच पट्ट्यात राहतो.

कोअर आणण्याकडे कारखान्याने लक्षच दिलेलं नाही. ६३ किंवा ७५ मिलिमीटरचे पीव्हीसी पाइप उभे चिरून पन्हाळ्या करा, त्यात कोअर सरकवा, प्लास्टिकच्या पातळ फिल्ममध्ये घट्ट गुंडाळा, वरचं टोक, खालचं टोक, भोक आणि खोली पाइपवरच लिहा. चिठ्ठी ओली होते. पन्हाळ्या गाडीत आडव्या बांधा आणि खाली फोमची गादी घाला, नाहीतर रेताड ओला गाळ हादऱ्यांनी पातळ होऊन थर विस्कटतात. खारफुटीच्या चिखलात पायराइट (लोह आणि गंधकाचं खनिज) असतं. तो वाळला आणि हवा लागली की आम्ल तयार होतं आणि ज्यांच्यासाठी खटाटोप केला ती चुनखडी कवचं विरघळतात. चार अंशांचा फ्रीज परतण्याआधी रिकामा करून ठेवा. मे महिन्यात विदर्भातून गाडी आणायची असेल तर बर्फपेटीशिवाय निघू नका. डिसेंबर ते फेब्रुवारी हाच खरा हंगाम.

वयासाठी शिंपल्यापेक्षा जमिनीवरच्या झाडाची बी, पान, काटकी निवडावी. समुद्री कवचाला समुद्राच्या पाण्यातला जुना कार्बन मिळालेला असतो, त्यामुळे त्याचं वय शेकडो वर्षांनी जास्त दिसतं आणि स्थानिक दुरुस्ती लावावी लागते. काटकीही नदीने दुरून वाहून आणलेली जुनी असू शकते, म्हणून सीमेच्या वर आणि खाली किमान एकेक वय हवं.

परवानग्यांत आळस नको. महाराष्ट्रातली खारफुटी संरक्षित आहे, वन खात्याच्या संमतीशिवाय तिथे रॉड घालू नये. संरक्षित स्मारकाच्या भोवतीचे १०० मीटर प्रतिबंधित आणि पुढचे २०० मीटर नियंत्रित आहेत, तिथे पुरातत्त्व खात्याला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नये. भोकाच्या तोंडाची उंची ऑटो लेव्हलने (मोजणीच्या दुर्बिणीने) जवळच्या बेंचमार्कशी, म्हणजे उंची ठाऊक असलेल्या पक्क्या खुणेशी, जोडून घ्या. भरतीच्या रेषेवरून अंदाज बांधू नका. खंबातच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक दहा मीटरच्या घरात जातो.

नालासोपारा, चौल, दाभोळसारख्या खाड्यांच्या मऊ चिखलात सहा मीटरपर्यंत काम करणाऱ्या विभागाने हा संच जरूर घ्यावा. वाळूचे बांध किंवा दहा मीटरच्या खालचे थर हवे असतील तर हा संच नको, तिथे इंजिनावरचा कोअरर भाड्याने आणावा. मागणी देताना तीन गोष्टी लेखी घ्या: प्रत्येक जोडाला ६ मिलिमीटरची आडवी कुलूपपिन, रॉडवर दर १० सेंटिमीटरला कोरलेली खूण (रंगवलेली खूण पहिल्याच मोहिमेत निघून जाते) आणि हातोडा-नळीऐवजी रॉड धरणारा जॅक. संच ताब्यात घेताना आठही रॉड जोडून कारखान्याच्या फरशीवर आडवे ठेवा आणि एका टोकाशी डोळा लावून बघा. कुठे वाक दिसला तर तो रॉड तिथेच परत करा.