दोन आसनी विमान: टाइप सर्टिफिकेटचं घ्यावं की एलएसए?

ठाणे-नवी मुंबईत तीन-चार जण मिळून दोन आसनी विमान घ्यायला निघाले की हाती दोन तऱ्हेची कोटेशनं येतात: एक टाइप सर्टिफिकेटच्या, म्हणजे सरकारी यंत्रणेनं डिझाइन तपासून मंजूर केलेल्या विमानाचं, दुसरं एलएसएचं, म्हणजे ‘लाइट स्पोर्ट एअरक्राफ्ट’ या हलक्या विमानांच्या वर्गातलं. विमानं जवळपास सारखीच, किमतीत मात्र चांगलंच अंतर. ते अंतर मुख्यतः कागदांचं आहे, आणि त्या कागदांवर अमेरिका व युरोपचं एकमत नाही.

अमेरिकेत २००४ पासून एलएसएला कमाल वजन ६०० किलो, सपाट उड्डाणात वेग १२० नॉट ही चौकट होती. एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेची मानकं पाळली, असं कारखानदारच लिहून देतो. अमेरिकेची विमान वाहतूक नियामक एफएए टाइप सर्टिफिकेट देत नाही. युरोपची नियामक ईएएसए त्याच ६०० किलोच्या विमानाचं डिझाइन स्वतः तपासत आली; २०२३ पासून तिथेही कारखानदाराच्या घोषणेचा पर्याय आला आहे. २०२५च्या मोझॅक नियमांनी अमेरिकेनं वजनाची अटही काढली आणि भर स्टॉल वेगावर (ज्याच्याखाली पंख विमान उचलून धरू शकत नाहीत) दिला.

हा वाद कागदापुरता नाही. झोडियाक सीएच ६०१ एक्सएल या एलएसए वर्गातल्या विमानाचे पंख हवेतच तुटत होते. एप्रिल २००९मध्ये एनटीएसबी या अमेरिकी अपघात-तपास संस्थेनं उड्डाणं थांबवण्याची तातडीची शिफारस केली, पण एफएएनं ती लगेच मानली नाही. संशय फ्लटरवर, म्हणजे हवेमुळे पंखात वाढत जाणाऱ्या थरथरीवर होता: एलेरॉनला (पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्टीला) प्रतिभार नव्हता, तिच्या केबलचा ताण कमी पडला की थरथर वाढायची. नोव्हेंबरमध्ये प्रतिभार आणि पंखांची मजबुती सुचवली गेली. आमच्या मते, बाहेरचा तपासनीस आधीच असता तर फ्लटरच्या चाचण्यांवर जास्त प्रश्न विचारले गेले असते.

रोजच्या वापरात फरक दुरुस्तीत जाणवतो. एलएसएत रेडिओ किंवा प्रोपेलर बदलायलाही सहसा कारखानदाराचं लेखी पत्र लागतं. कंपनी बंद पडली की काम अडतं. टाइप सर्टिफिकेटच्या विमानाला तिसऱ्या कंपनीचं मंजूर एसटीसी (बदलासाठीचं पूरक टाइप सर्टिफिकेट) चालतं. इंजिनातही तेच: शंभर अश्वशक्तीचं रोटॅक्स ९१२ यूएलएस आणि ९१२ एस मुळात एकच, पण प्रमाणित असतं ते एस. म्हणून ते महाग.

विमान प्रशिक्षणाला किंवा भाड्यानं द्यायचं असेल तर टाइप सर्टिफिकेटचंच घ्या. फक्त स्वतःसाठी हवं असेल तर एलएसए चालेल, पण कंपनी जुनी हवी आणि तिचे सेफ्टी डायरेक्टिव्ह (सुरक्षेसाठीचे दुरुस्ती-आदेश) नियमित निघत असावेत. अमेरिकी एलएसएचा विशेष उड्डाणयोग्यता दाखला दुसऱ्या देशात आपोआप चालत नाही. त्यामुळे तुम्ही घेताय ते नेमकं मॉडेल इथे कोणत्या वर्गात नोंदलं जाईल, ते आगाऊ रक्कम देण्याआधी डीजीसीए या भारताच्या विमान वाहतूक नियामकाकडून लेखी घ्या.